दूरच्या माणसाशी बोलताना

श्रोतेहो, निपाणीहून किंवा बेळगावाहून गडहिंग्लजच्या मुलखात शिरले, की नेसरीची खिंड फारशी दूर राहत नाही. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर या खिंडीत मोजक्या स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि धारातीर्थी पडले. त्या शौर्याचे पोवाडे आपण सर्वांनी ऐकले आहेत. आज मला बोलावयाचे आहे ते त्याआधीच्या दहा महिन्यांविषयी. आपल्या नजरेआड काम करणाऱ्या माणसाशी कसे बोलावे, हा प्रश्न त्या दहा महिन्यांत दडलेला आहे.

मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने निवडक ६० माणसांनिशी पन्हाळा घेतला. त्यानंतर विजापूरने बहलोलखानाला स्वराज्यावर धाडले. एप्रिलमध्ये उमराणीजवळ प्रतापरावांनी त्याचे पाणी तोडले. भर उन्हाळ्यात तहानेने व्याकुळ झालेल्या खानाने गयावया केली, आणि प्रतापरावांनी त्याला वाट दिली. महाराज त्या वेळी तेथे नव्हते; रणांगणावरच्या माणसाला जागच्या जागी निर्णय घ्यावा लागला. हा सला कशासाठी केला, असा जाब महाराजांनी विचारला. पुढे खान पुन्हा चालून आला, तेव्हा त्याला बुडविल्यावाचून तोंड दाखवू नये, असा निरोप गेल्याचे बखरकार सांगतात.

महाराजांचा संताप अकारण होता, असे कोण म्हणेल? सोडलेला शत्रू पुन्हा रयतेच्या उरावर आला होता. परंतु त्या निरोपात दोन गोष्टी एकवटल्या होत्या. तुझा निर्णय चुकला, ही एक. आणि तू आता मला नकोस, असे भासविणारी दुसरी. समोर बसलेल्या माणसाला बोलणाराच्या डोळ्यांतील माया दिसते. दूरच्या माणसाच्या हाती फक्त शब्द पोहोचतात, आणि तो त्यांतील दुसरीच गोष्ट उराशी धरून बसतो. इंग्रजांच्या वखारीचा दुभाषा नारायण शेणवी याच्या पत्रातही, बाकीच्या फौजेचे साह्य न मिळता सहा स्वारांसह प्रतापराव पडल्याची नोंद आहे. त्यांना खान हवा होता, त्याहून अधिक धन्याची मर्जी हवी होती.

महाराजांना हे दुःख जिव्हारी लागले. आनंदरावाने निर्नायकी फौज सावरली. तिने मार्चमध्ये खानाच्या जहागिरीतील संपगावची पेठ लुटली. पुढे हंबीरराव मोहिते सरनोबत झाले. १६८० मध्ये प्रतापरावांची कन्या जानकीबाई राजारामांची पत्नी म्हणून राजघराण्यात आली. नाते जोडता आले. गेलेला शब्द मात्र परत घेता आला नाही.

थोरांच्या गोष्टीशेजारी स्वतःची गोष्ट सांगणे धाडसाचे आहे, तरी सांगतो. मी काही हंगाम चिकोडी-हुक्केरीच्या शिवारांत ऊसतोडणीच्या टोळ्यांवर देखरेख केली. टोळ्या गावोगाव विखुरलेल्या आणि मी कचेरीत. एकदा अवकाळी पाऊस झाला. ट्रॉली रुतेल म्हणून बीडकडून आलेल्या एका मुकादमाने आपण होऊन तोड थांबविली. मला कमी पडलेले टन दिसत होते. चिखल दिसत नव्हता. मी फोनवर त्याला वाटेल तसे बोललो. पुढच्या पावसात त्याने तोड थांबविली नाही. भरलेली ट्रॉली बांधावर कलंडली आणि टोळीतील एका तरुणाचा पाय मोडला. मी धावत गेलो, तेव्हा मुकादम एवढेच म्हणाला, "साहेब, तुम्हीच सांगितलं होतं."

माझ्या रागाने त्याची अक्कल मीच काढून घेतली होती. दुखावलेला माणूस एक तर स्वतः विचार करणे सोडतो, नाही तर जिवावर उदार होतो. धन्याचे नुकसान दोन्हींत आहे.

त्यानंतर मी तीन नेम केले. फोन लावताच किती झाले हे न विचारता, तिथे परिस्थिती कशी आहे हे आधी विचारावयाचे. हुकूम द्यावयाचा तो कारणासकट, म्हणजे परिस्थिती पालटली तर काय करावे हे माणसाला आपले आपण उमजते. आणि कानउघाडणी करावयाचीच असेल, तर फडावर जाऊन, समोरासमोर, एकांतात.

पूर्वी जासुदाला मजला माराव्या लागत. आज क्षणात बोलता येते. पण क्षणात रागावताही येते. आपला कोणी माणूस आज दूर शिवारात, रस्त्यावर वा परमुलखात आपल्यासाठी राबत असेल, तर त्याला रागाचा निरोप धाडण्यापूर्वी एकदा नेसरीची खिंड आठवा, एवढीच विनंती.