एका अक्षराचा फरक



इंग्रजीतील सारख्या दिसणाऱ्या शब्दांविषयी मी चार गोष्टी सांगणार आहे. विषय व्याकरणाचा वाटेल, पण त्याची गाठ शिष्यवृत्तीच्या अर्जाशी आहे.

काही वर्षांपूर्वी एका मुलाने आपला अर्ज मला दाखवायला आणला. ‘मी पात्र आहे’ असे त्याला लिहायचे होते. पात्र म्हणजे ‘एलिजिबल’. त्याने लिहिले ‘इलेजिबल’, म्हणजे वाचता न येणारे! अक्षर मात्र मोत्यासारखे होते. पुढे वडिलांच्या नावाजवळ ‘डिसीस्ड’, म्हणजे मरहूम, असे हवे होते. तेथे ‘डिझीज्ड’, म्हणजे रोगी, असे पडले होते. मदत होती वडिलांचे छत्र हरपलेल्या मुलांसाठी, आणि कागदावर वडील नुसते आजारी. कारकुनाने असा अर्ज बाजूला ठेवला, तर त्याला बोल कसा लावणार?

मुलांनो, असे शब्द नुसते घोकू नका, फोडून पाहा. ‘ईझ’ म्हणजे आराम. आराम नाही तो ‘डिझीज’. ‘एलिजिबल’ हा ‘इलेक्शन’चा भाऊ, दोहोंत निवडीचाच अर्थ. ‘लेजिबल’ म्हणजे वाचता येण्याजोगे, त्याच्या नकाराने ‘इलेजिबल’ झाले. गंमत अशी की, पात्र आणि अवाचनीय हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन धातूतून निघाले. त्या धातूचा अर्थ वेचणे असाही होता आणि वाचणे असाही.

‘प्रिन्सिपल’ तर कानाला एकच. शेवटी ए-एल असेल तर प्राचार्य, एल-ई असेल तर तत्त्व. तेथे डोळाच हवा.

पालक म्हणतील, आम्हाला इंग्रजी कुठे येते? पण उर्दू वाचणारी आई ‘आम’ हा शब्द दोन तऱ्हांनी ओळखते. अलिफने लिहिला तर आंबा, ऐनने लिहिला तर सर्वसाधारण. मराठीत ऱ्हस्व ‘दिन’ म्हणजे दिवस, दीर्घ ‘दीन’ म्हणजे गरीब. (आपल्या घरी ‘दीन’चा आणखी एक अर्थ आहे, तो सांगायला नको.) तीच नजर इंग्रजीकडे वळवायची. अर्ज देण्यापूर्वी आईने एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारावे, “बेटा, याचा अर्थ काय?” मुलगा अडखळला, तर त्याने तेथेच शब्दकोश उघडावा.

त्या मुलाने अर्ज नव्याने लिहिला आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी स्वतः नेऊन दिला.