सामाईक कपाटाची वाटणी

आपल्या धाराशिव जिल्ह्यात वाटणी म्हणजे काय हे कुणाला शिकवावे लागत नाही. टँकर आला की रांग लागते, आणि घरटी किती हंडे हे आधी ठरलेले नसेल तर भांडण ठरलेलेच. आज मला बोलायचे आहे ते मात्र दुसऱ्या एका साठ्याबद्दल. शाळा-कॉलेजात, कार्यालयात सगळ्या संगणकांच्या फायली ठेवण्याची जी एक सामाईक पेटी असते, तिच्याबद्दल.

या पेटीला ‘नॅस’ म्हणतात. आत दोन-चार हार्ड डिस्क असतात आणि खोल्याखोल्यांतले संगणक नेटवर्कवरून तिच्यात लिहितात. मी जिल्ह्यातल्या एका शिक्षणसंस्थेत संगणक सांभाळत असताना अशी पेटी बसवली. चार टीबीच्या दोन डिस्क. एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून दोन्हींवर तेच लिहिले जाई, म्हणजे जागा आठ नव्हे, चारच टीबी. संगणक त्यातही ३.६ दाखवी, कारण डिस्कची कंपनी हजाराने मोजते आणि संगणक १०२४ ने. एवढी जागा कधी भरणार, आणि आपल्याच माणसांना मर्यादा कशाला, असे वाटून मी कुणालाच हद्द घातली नाही.

शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत संपायला एक दिवस उरला होता. संध्याकाळी कार्यालयातल्या ताईंनी विद्यार्थ्यांची यादी सेव्ह केली, तर डिस्क भरल्याचा संदेश आला. फाइल पुन्हा उघडली तर आत काहीच नाही, शून्य बाइट. जुनी यादी पुसली गेली होती आणि नवी लिहायला जागा नव्हती. दुसरी डिस्क कामी आली नाही. दोन्हींवर तेच लिहिले जाते, म्हणून शून्यही दोन्हीकडे शून्यच. वेगळ्या जागी ठेवलेली प्रत म्हणजे बॅकअप, हे त्या रात्री कळले. कागदी अर्ज समोर घेऊन आम्ही पहाटेपर्यंत यादी पुन्हा टाइप केली.

जागा कुणी खाल्ली हे पाहिले, तर स्नेहसंमेलनांचे चित्रीकरण! तेच तीन जणांच्या फोल्डरमध्ये, तीन प्रतींत. ताईंची यादी एका फोटोएवढीही नव्हती. चित्रीकरण ठेवणाऱ्या सरांची यात चूक नव्हती. त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. चूक माझी होती.

यावरचा उपाय जुना आहे. मेलबर्न विद्यापीठातले रॉबर्ट एल्झ यांनी युनिक्स संगणकांसाठी लिहिलेली ‘कोटा’ची व्यवस्था १९८३ साली ४.२ बीएसडी या प्रणालीतून सर्वत्र पोचली. तिच्यात प्रत्येकाला दोन रेघा असतात. पहिली रेघ इशाऱ्याची. ती ओलांडली तरी काम थांबत नाही, पण आवराआवरीसाठी मुदत सुरू होते. ती बहुधा सात दिवसांची ठेवतात. दुसरी रेघ पक्की, तिच्यापुढे एक अक्षरही लिहिता येत नाही. माणसाला आधी सावध करायचे, वेळ द्यायचा आणि मगच अडवायचे, हा यातला शहाणपणा आहे.

पण आकडा कसा ठरवायचा? पुरंदर तालुक्यात नायगावला १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या मालकीवर नव्हे, घरातल्या माणसांवर ठरले, माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके. भूमिहीनालाही वाटा होता आणि उसाला पाणी नव्हते. आम्ही तोच धडा घेतला. हुद्दा न पाहता काम पाहून वाटा दिला, पाचवा हिस्सा कुणालाच न देता राखून ठेवला आणि चित्रीकरण हा आमचा ऊस मानून वेगळ्या डिस्कवर हलवला.

मग स्कॅनिंगकडे वळलो. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे मराठवाड्यात मोडी आणि उर्दू नोंदींचे स्कॅनिंग घरोघरी चर्चेत आले. अशा जुन्या, फिकट कागदाला रंगीत स्कॅनच हवा. पण आपण साधे परिपत्रकही रंगीत स्कॅन करतो. इंचाला ३०० ठिपके धरले तर ए-फोर आकाराचे एक रंगीत पान दाबून लहान करण्याआधी सुमारे २६ एमबी भरते, करड्या छटांतले नऊच्या आत आणि निव्वळ काळेपांढरे जेमतेम एक एमबी. सेटिंगमधली एक खूण बदलली की वाटा चोवीसपट पुरतो.

आणखी दोन गोष्टी. पुसलेली फाइल पेटीच्या कचराटोपलीत असेपर्यंत बहुतेक ठिकाणी जागा अडवतेच. टोपली रिकामी करा. आणि फाइल ज्याच्या नावावर, त्याच्या खात्यात ती मोजली जाते. माणूस बदलून गेला तर त्याच्या फायली नव्या माणसाच्या नावावर करून घ्या.

हे नियम आम्ही कागदावर लिहून पेटीशेजारी चिकटवले. थोडी कुरकुर झाली. पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीची यादी मात्र वेळेत गेली. मोठ्या फायलीवाला कुठेही जागा शोधतो. हद्द आखायची ती लहान फायलीवाल्यासाठी. त्याच्या त्या फायलीत एखाद्या लेकराची वर्षाची फी असते.