विझलेले वीजघर कोणाचे?

(व्याख्यानाचा मजकूर)



लातूरहून नांदेडकडे रेल्वेने जाताना वाटेत परळी वैजनाथ लागते. यात्रेकरूंना हे गाव ज्योतिर्लिंगामुळे ठाऊक आहे. मराठवाड्याच्या आर्थिक इतिहासात मात्र त्याचे स्थान औष्णिक वीजकेंद्रामुळे आहे. १९७१ साली येथे ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. पुढे २१० आणि २५० मेगावॅटचे संच आले आणि आरंभीचे छोटे संच निवृत्त झाले. यंत्राला आयुष्य असते, ते संपते. त्यात शोक करण्यासारखे काही नाही. परंतु यंत्र थांबल्यावर मागे उरणारी जमीन, इमारत आणि त्यांत मुरलेले श्रम कोणाचे, हा प्रश्न शिल्लक राहतो.

जगात या प्रश्नाला दोन उत्तरे मिळाली आहेत आणि ती दोन्ही लंडनमध्येच पाहावयास सापडतात. थेम्स नदीच्या काठावरील बँकसाइड वीजकेंद्र १९८१ साली बंद पडले. २००० साली तेथे ‘टेट मॉडर्न’ हे कलासंग्रहालय उघडले. लॉटरीच्या निधीतून त्याला पाच कोटी पौंड मिळाले आणि मूळ संग्रह पाहण्यास शुल्क ठेवले गेले नाही. ज्या दालनात जनित्रे घरघरत होती, तेथे आज कोणीही येऊन बसू शकतो. त्याच नदीवरील बॅटरसी वीजकेंद्र १९८३ साली थंडावले. ते अनेक मालकांच्या हातांतून गेले आणि २०२२ साली दुकाने, कचेऱ्या व महागडी निवासस्थाने यांचे संकुल म्हणून उघडले. दोन्ही इमारतींच्या रचनेत गाइल्स गिल्बर्ट स्कॉट या एकाच वास्तुविशारदाचा हात होता. विटाही तशाच. भेद पडला तो मालकीचा.

आपल्याकडे हा धडा मुंबईच्या गिरण्यांनी शिकविला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरविले होते: एक महापालिकेच्या मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी व एक मालकासाठी. २००१ साली नियमात बदल झाला आणि वाटणी केवळ रिकाम्या भूखंडापुरती उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल ग्राह्य धरला. चिमणीखाली उपाहारगृहे व मद्यगृहे थाटली गेली. २०१७ च्या डिसेंबरात कमला मिलच्या आवारातील आगीत चौदा माणसे प्राणास मुकली. ‘पुनर्वापर’ हा शब्द स्वतःहून पुरोगामी नसतो, हे यावरून ध्यानी यावे.

आता मराठवाड्याचा विचार करू. १९८४ साली प्रा. वि. म. दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष मोजला. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य यांची गणना झाली. सभागृह वा रंगमंच यांना त्यात स्वतंत्र स्थान नव्हते. पोट आधी, हा क्रम त्या वेळी रास्तच होता. परंतु जे मोजले गेले नाही त्याची उणीव नाहीशी होत नाही. नांदेडला कुसुम सभागृह आहे, डॉ. शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह आहे. तालुक्याच्या गावी मात्र सभा, व्याख्यान वा लग्न, कशासाठीही छप्पर हवे असेल तर मंगल कार्यालयाचे दार ठोठवावे लागते. त्याचे भाडे ही कोरडवाहू शेतकऱ्याच्या कर्जातील एक ठळक बाब असते. सार्वजनिक सभागृह ही चैन आहे असे मानणाऱ्यांनी सावकाराच्या वहीतील ‘लग्नखर्च’ या नोंदीचा अर्थशास्त्रीय विचार करावा.

परळीच्या विजेसाठी या भूमीने मोल दिले आहे. शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या, कामगारांनी राखेत दिवस काढले, धरणाचे पाणी केंद्राकडे वळले. २०१५ च्या जुलैत पाण्याअभावी हे केंद्रच बंद ठेवावे लागले आणि पुढील एप्रिलमध्ये लातूरची तहान मिरजेहून आलेल्या रेल्वेगाडीने भागवावी लागली. वीज मात्र राज्याच्या जाळ्यात गेली. तेव्हा निवृत्त संचांच्या जागेचा हिशेब केवळ भंगाराच्या लिलावाने मिटतो, असे म्हणणे म्हणजे ताळेबंदाची एकच बाजू वाचणे होय.

म्हणून जुन्या वीजकेंद्राच्या जागी लोकांचे सभागृह व्हावे, ही मागणी योग्य आहे. परंतु तिला चार अटी जोडल्या पाहिजेत. मालकी सार्वजनिकच राहावी. दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याच्या आडून ती खासगी होऊ नये. व्यवस्थापनात नगरपालिका, प्रकल्पग्रस्त व कामगार संघटना यांचे प्रतिनिधी असावेत. सामुदायिक विवाह, महिला बचत गटांचे मेळावे, शाहिरी व नाट्यप्रयोग यांना नाममात्र दर असावा. तोटा येईल तो व्यापारी प्रदर्शनांच्या भाड्यातून भरून काढावा. आणि अशा जुन्या केंद्रांत असणारे ॲस्बेस्टॉस व साचलेली राख हटविल्यावाचून, तसेच आगीपासून बचावाची सोय झाल्यावाचून, एकाही माणसाला आत सोडू नये.

या अटींना पैसा लागेल हे उघड आहे. पण वीजकेंद्र उभारताना ते नफ्यात चालेल की नाही, एवढाच विचार शासनाने केला नव्हता. मागास प्रदेशात भांडवल आणणे हे शासनाचे कर्तव्य मानले गेले होते. तेच तत्त्व सभागृहाला लावले तर त्यात नवे काही मागितले जात नाही. निविदा निघण्यापूर्वी परळीच्या, लातूरच्या आणि नांदेडच्या संघटनांनी ही मागणी ठरावरूपाने नोंदविली पाहिजे. निविदा निघाल्यानंतर केलेली मागणी ही तक्रार ठरते, आणि तक्रारीला उत्तर देण्यास कोणीही बांधील नसतो.