वृद्धशुश्रूषेची ३६ वर्षे
(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, अमरावती येथे, सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



सत्कारमूर्तींचा परिचय कार्यवाहांनी आताच करून दिला आहे आणि तो छायाचित्रासह स्मरणिकेत छापलाही जाणार आहे. तेव्हा त्याची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. या व्यासपीठावर आजवर वकील बसले, डॉक्टर बसले, तहसीलदार बसले, परीक्षेत पहिली आलेली मुले बसली. सरकारी रुग्णालयात ३६ वर्षे परिचारिकेचे काम केलेली, आणि त्यांतील बहुतेक वर्षे वृद्ध रुग्णांच्या खाटांमध्ये वावरलेली भगिनी मात्र येथे प्रथमच बसत आहे. त्यांनी नेमके काय केले हे सभेस नीट ठाऊक असावे, एवढ्यासाठीच आम्ही उभे आहोत.

‘शुश्रूषा’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. सेवा हा अर्थ त्यास मागाहून आला. वृद्धांच्या वॉर्डात तो मूळ अर्थच अधिक उपयोगी पडतो. दर्यापूरकडील एखादा म्हातारा मध्यरात्री उठून बसतो आणि “मले घरी ने वं माय, बैल सुटले असतीन” असे म्हणू लागतो. त्याचे बैल विकले गेल्यास वीस वर्षे लोटलेली असतात. नवखी माणसे त्यास वेड लागले असे ठरवून मोकळी होतात. अनुभवी परिचारिका मात्र जाणते की, ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, अंगातील पाणी कमी होणे, एखादे नवे औषध, किंबहुना नुसती परकी जागा, एवढ्यानेही म्हातारपणी असा भ्रम होतो. ती दिवा लावते, त्याचा चष्मा त्याच्या डोळ्यांवर चढविते, नाव घेऊन बोलते, आपण कोठे आहोत व आज वार कोणता हे सांगते, आणि डॉक्टरांस तत्काळ कळविते. पुष्कळदा मूळ दुखणे त्यामुळेच वेळेवर सापडते.

दुसरे काम याहूनही अबोल आहे. खुबा मोडून अथवा अर्धांगवायूने अंथरुणास खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर, खुब्यांवर आणि टाचांवर सतत भार पडतो. तेथील कातडीस रक्त पोचत नाही, आणि थोड्याच वेळात तेथे जखमेची सुरुवात होते. उपाय एकच. साधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलावयाची, पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवावयाच्या, चादरीस सुरकुती राहू द्यावयाची नाही आणि अंग कोरडे राखावयाचे. दोन तासांनी म्हणजे दिवसातून १२ वेळा. वॉर्डात असे दहा रुग्ण असले तर १२० वेळा. जखम झाली तर ती सर्वांस दिसते. झाली नाही तर कोणास काहीच दिसत नाही, आणि नातेवाईक घरी जाताना डॉक्टरांना नमस्कार करून निघून जातात! त्यात डॉक्टरांचा दोष नाही. त्यांचे काम कागदावर उतरते, हिचे उतरत नाही.

आपल्या वऱ्हाडचा उन्हाळा सर्वांच्या परिचयाचा आहे. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, हे मात्र थोड्यांस ठाऊक असते. म्हातारी “पानी नको” म्हणते, घरचे ते खरे मानतात, आणि वैशाखात ती ग्लानी येऊन रुग्णालयात दाखल होते. आमच्या या भगिनी न मागता घोटघोट पाणी पाजीत; तेही रुग्णास बसते करून, कारण निजवून पाजले तर ठसका लागून पाणी फुप्फुसात उतरण्याचे भय असते. सन २०२०-२१ मध्ये कोरोनाच्या साथीत नातेवाइकांस वॉर्डात प्रवेश नव्हता, तेव्हा घास भरविणेही परिचारिकांकडेच आले.

हे काम किती दीर्घकाळ चालू शकते याचे उदाहरण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाने घालून दिले आहे. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला आणि त्यांचे भान कायमचे हरपले. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधली सुमारे ४२ वर्षे त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांना सांभाळले. ज्यांनी अरुणाताईंना चालताबोलताना कधी पाहिलेच नव्हते, अशा पुढच्या पिढीतील मुलींनीही हे काम केले. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ च्या निकालपत्रात या परिचारिकांची मुक्तकंठाने प्रशंसा केली. इतकी वर्षे अंथरुणावर असलेल्या बाईस शय्याव्रण होऊ दिले नव्हते, याचा अर्थ आता सभेच्या ध्यानी येईल.

आता थोडे अप्रिय बोलणे भाग आहे. सावित्रीबाई फुले १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच वारल्या. रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने विधवा व निराधार स्त्रियांस परिचारिकेचे शिक्षण मिळवून दिले, तेव्हा परक्या पुरुषाच्या अंगास हात लावणारी ही कसली विद्या, अशी टीका झाली. इकडे आपल्या अमरावतीत दाजीसाहेब पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभारले आणि समाजाने टाकलेल्या कुष्ठरोग्यांस तेथे आसरा दिला. हे सर्व आपण अभिमानाने सांगतो. परंतु आपल्याच वधूवर मेळाव्यात “मुलगी नर्स आहे, रात्रपाळी असते” हे कळताच पत्रिका परत करणारी घरे कमी नाहीत. त्याच घरातील आजोबा इर्विनमध्ये दाखल झाले, की ओळखीची सिस्टर कोणी आहे का, अशी विचारणा प्रथम त्याच घरातून येते. हा व्यवहार आम्हांस शोभादायक वाटत नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील दर शंभरांत सुमारे दहा माणसे साठीपुढची होती. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने सरकारी रुग्णालयांत वृद्धांसाठी शक्यतोवर खाटा व निराळी रांग असावी असे सांगितले. पुढे केंद्राच्या वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांच्या वॉर्डाची योजना आली. खाटा येतील, त्यांच्याजवळ रात्री उभे कोण राहणार? मुले पुण्यास, मुली बंगलोरास, कोणी परदेशी. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. पोट जिकडे नेते तिकडे माणूस जातो.

म्हणून कार्यकारिणीपुढे दोन सूचना ठेवल्या आहेत. परिचारिका-शिक्षण घेणाऱ्या समाजातील मुलींना, व मुलांनाही, वैद्यकीच्या विद्यार्थ्यांइतकीच शिष्यवृत्ती द्यावी. आणि ज्यांचे घरचे कोणी जवळ नाही अशा आपल्या वृद्ध रुग्णांपाशी दिवसा बसण्यासाठी स्वयंसेवकांची यादी करावी. नावे कार्यवाहांकडे आजच द्यावीत.

शाल व श्रीफळ अध्यक्ष देतीलच. त्यानंतर भोजनापूर्वी अर्धा तास राखून ठेवला आहे. मंडपाच्या डाव्या बाजूस एक खाट मांडली आहे. एकट्या माणसाने, स्वतःची कंबर न दुखविता, जड रुग्णाची कूस कशी बदलावी हे सत्कारमूर्ती तेथे प्रत्यक्ष करून दाखविणार आहेत. रुग्ण म्हणून निजावयास आपले खजिनदार तयार झाले आहेत. पुरुषमंडळींनीही पुढे येऊन पाहावे, अशी विनंती आहे.