दंड किती, जमा किती
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आज मी फर्ग्युसनबद्दल बोलणार आहे. पुण्याचं कॉलेज नव्हे. हे फर्ग्युसन अमेरिकेत, मिसुरी राज्यात, सेंट लुईसच्या शेजारी आहे. २०१० साली वस्ती एकवीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. ऑगस्ट २०१४ मध्ये तिथे मायकेल ब्राऊन हा अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा पोलिसाच्या गोळीने गेला आणि गाव पेटलं. केंद्रीय न्याय खात्याने चौकशी करून मार्च २०१५ मध्ये अहवाल दिला. गोळीबाराबद्दल सगळ्यांनी वाचलं. माझं लक्ष मात्र अडकलं ते नगरपालिकेच्या कोर्टात. जन्म बँकेत गेला, त्यामुळे जमाखर्च दिसला की डोळे तिकडेच जातात.

तिकडे नगरपालिकेचं स्वतःचं छोटं कोर्ट असतं. वाहतूक, पार्किंग, अंगणातलं वाढलेलं गवत असले मामले. (गवताचा दंड ७७ ते १०२ डॉलर. शेजारच्या एका गावात तोच ५ डॉलर!) न्यायाधीश अर्धवेळ, महिन्यातून तीन-चार बैठका. कोर्टाची मुख्य कारकून तेव्हा पोलीसप्रमुखाच्या हाताखाली. म्हणजे पावती फाडणारा आणि न्यायाचं दप्तर सांभाळणारा एकाच साहेबाचे.

आता आकडे पाहा. २०१० साली पालिकेचं उत्पन्न सुमारे १ कोटी १० लाख डॉलर, त्यात दंड-फी १३.८ लाख. २०१५ च्या अंदाजपत्रकात सुमारे १ कोटी ३३ लाखांपैकी ३०.९ लाख. साडेबारा टक्क्यांवरून तेवीस टक्के! लोक किती गुन्हे करणार हे आधीच ठरवून ठेवलेलं. बँकेत आम्हाला ठेवींचं टार्गेट असायचं, इथे दंडाचं. आणि तो भरत कोण होतं? वस्तीत कृष्णवर्णीय ६७ टक्के, पण पावत्या फाटल्या त्यांत ९० टक्के तेच.

एका बाईंची हकिगत अहवालात आहे, ती ऐकाच. २००७ साली एकदाच गाडी चुकीच्या जागी लावली. दंड १५१ डॉलर, वर फी. हातात पैसे नाहीत, तारखा चुकल्या. प्रत्येक चुकलेल्या तारखेला नवा दंड, नवं वॉरंट. दोनदा अटक, सहा दिवस कोठडी. मधे त्यांनी एकदा २५ आणि एकदा ५० डॉलर पाठवले. कोर्टाने परत केले! पूर्ण भरा, नाहीतर नको. मंडळी, थकलेल्या खात्यात कोणी पंचवीस रुपये घेऊन आला तर कुठलाही मॅनेजर त्याला चहा पाजून पैसे जमा करून घेईल. डिसेंबर २०१४ पर्यंत बाईंनी ५५० डॉलर भरले होते आणि अजून ५४१ बाकी होते.

ही वसुली नव्हे. वसुली करणाऱ्याला खातं बंद करायचं असतं. यांना ते चालू ठेवण्यात फायदा होता.

पुढे राज्याने कायदा केला आणि वाहतूक दंडातून उत्पन्नाचा किती हिस्सा घ्यायचा याची मर्यादा ३० टक्क्यांवरून २० वर आणली. २०१६ मध्ये फर्ग्युसननेही केंद्राशी सुधारणांचा करार केला. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना हेच बजावलं: दंडआकार शिस्तीसाठी आहे, उत्पन्न वाढवायचं साधन नाही. आम्ही नोकरीत असताना हे परिपत्रक आलं असतं तर बरं झालं असतं!

आता घरचं. पाहुण्यांच्या गाड्या, दुहेरी पार्किंग यांवर दंड लावायचा विचार चालू आहे. लावा, माझी हरकत नाही. गेटसमोर गाडी लावणाऱ्याला चाप हवाच. पण परवा कोणीतरी म्हणालं, "लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्च त्यातून निघेल." तिथे मी सावध झालो. लिफ्ट दंडावर चालायला लागली की वॉचमनला गाड्या शोधत फिरावं लागेल. थकबाकीवर सरळ व्याज लावता येतं ते आहेच, तेवढं पुरे. शिवाय दंड लावणारी कमिटी आणि तक्रार ऐकणारी कमिटी एकच नको. ऐकायला बाहेरचे दोन सभासद घ्या. आणि कोणी हप्त्याने देत असेल तर घ्या हो!

येत्या वार्षिक सभेत अंदाजपत्रक येईल. पार्किंग दंडाच्या रकान्यात अपेक्षित जमा 'शून्य' लिहावी, असा ठराव मी मांडणार आहे. सूचक मी. अनुमोदक कोण होतंय, ते चहाच्या वेळी सांगा.