अल्बर्ट श्पेअरचा कानावर हात

हिटलरचा आवडता वास्तुविशारद आणि 1942पासून शस्त्रास्त्रमंत्री असलेल्या अल्बर्ट श्पेअरने न्यूरेंबर्गच्या खटल्यात सामूहिक जबाबदारी मान्य केली. ज्यूंच्या संहाराबाबत मात्र त्याने कानावर हात ठेवले. फाशी टळली, 20 वर्षांच्या कैदेवर भागलं. पण डिसेंबर 1943मध्ये तो डोरा छळछावणीच्या बोगद्यांत स्वतः जाऊन आला होता. तिथे कैदी आतच खपत, आतच झोपत आणि आतच मरत. 1945मध्ये उद्योग उद्ध्वस्त करण्याचा हिटलरचा हुकूम त्याने मोडला, असं त्याच्या बाजूने सांगतात. खरं आहे, पण हे धाडस सुचलं ते युद्ध हातचं गेल्यावर. आधीची तीन वर्षं हाच मंत्री आणखी वेठबिगार मागत होता! शिवाय एसएसप्रमुख हिमलरने पोझन शहरातल्या भाषणात संहाराची उघड वाच्यता केली तेव्हा आपण हजर होतो, असं त्यानेच 1971मध्ये खासगी पत्रात लिहिलं. जाहीरपणे मात्र 1981मध्ये मरेपर्यंत नकारच.