रक्तातले एक अक्षर

श्रोतेहो, भात कापायचा विळा तुमच्या ओळखीचा. रक्तातल्या तांबड्या पेशी तशा आकाराच्या होतात, त्या आजाराला सिकल सेल म्हणतात. विदर्भात आणि नंदुरबारकडच्या पाड्यांवर पुष्कळ घरांनी तो सोसला आहे. निरोगी पेशी वाटोळी, लवचिक. बारीक रक्तवाहिनीतूनही सरकते. विळ्यासारखी पेशी अडकते, रक्त तुंबते, आणि हाडे अशी ठणकतात की पोर रात्रभर कण्हते.

हे कशाने होते? आपल्या पेशीपेशीत डी. एन. ए. नावाचा पिढीजात लेख असतो. त्याचा नकाशा करण्याचे काम १९९० साली अनेक देशांनी मिळून आरंभिले. २००३ साली ते पुरे झाल्याचे जाहीर झाले. उरलेल्या गाळलेल्या जागा २०२२ पर्यंत भरत आल्या. अक्षरे किती? सुमारे तीनशे कोटी! त्यांतले अकराव्या गुणसूत्रावरचे एकच अक्षर बदलले की हा आजार.

आता गुरुजी, वर्गात दोन नाणी घ्या. या लेखाची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. एकच प्रत सदोष असली तर तो नुसता वाहक. एरवी धडधाकट, नांगर धरणारा. पण आईबाप दोघेही वाहक असले, तर दोन्ही नाण्यांवर छापा पडावा तसे चारांत एकदा मूल आजारी निपजते. पहिले आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असे मात्र नव्हे हो! नाण्याला मागचे आठवत नाही. दर खेपेस डाव नवा.

२०२३ साली इंग्लंड-अमेरिकेत रुग्णाच्याच पेशींतल्या लेखात फेरफार करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली. किंमत कोटींच्या घरात, तेव्हा तूर्त आपल्या उपयोगाची नाही. दुखणे कमी करणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या मात्र आहेत. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

माहितीचा दुरुपयोगही होतो. १९७० च्या सुमारास अमेरिकेत धडधाकट वाहकांना नोकरी नि विमा नाकारला गेला; त्यांत बहुतेक कृष्णवर्णीय होते. आनुवंशिक माहितीवरून असा भेद करण्यास बंदी घालणारा कायदा तिथे २००८ साली झाला. आपल्याकडे भीती आहे ती सोयरिकीची. मुलीचे कार्ड पाहून स्थळ मोडायचे, आणि मुलाची तपासणीच नाही, हा कुठला न्याय? एक जण वाहक आणि दुसऱ्याच्या रक्तात हिमोग्लोबिनचा कोणताच दोष नसला, तर मुलांना हा आजार होत नाही. पहिल्या तपासणीला बोटातले थेंबभर रक्त पुरते. लगीनसराईच्या आधी दोघांनीही जावे. सोबत हवी तर मामाला न्यावे.